पांढरी पिल्लं

सुलभाताईंनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक पडद्याला लागेल इतक्या पुढं वाकल्या आणि शून्याचं बटण दाबलं. शून्य म्हणजे मेलेलं, एक म्हणजे जिवंत. पडद्यावर लक्षद्वीपच्या समुद्रात ठेवलेली वीतभर, खाचा पाडलेली मातीची लादी होती, आणि तिच्यावर मोहरीएवढाले पांढरे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे प्रवाळाचं एकेक पिल्लू. सकाळपासून त्यांनी एकशेचाळीस पिल्लांचा निकाल लावला होता आणि दोनदा चहा गार करून प्यायला होता.

हे काम वरच्या मजल्यावरच्या वल्लरीनं त्यांच्या गळ्यात घातलं होतं. वल्लरी पुण्याची, इथल्या एका संशोधन संस्थेत प्रवाळांवर काम करणारी. इंदिरानगरात भाड्यानं घर मिळवताना तिनं मासे पाळणार नाही असं सुलभाताईंना लिहून दिलं होतं. "काकू, एकाच माणसानं मोजलेलं कुणी धरत नाही, दुसरी नजर लागते," असं ती म्हणाली तेव्हा हे काम दयेपोटी चालून आलंय हे सुलभाताईंनी ओळखलं होतं. तरी त्या हो म्हणाल्या. समोरच्या खोलीत बसण्यापेक्षा समुद्र बरा.

समोरच्या खोलीत त्यांचे यजमान उपेंद्रराव होते. मेंदूत रक्तस्राव होऊन सात महिने झाले होते. डोळे उघडे असत, नळीतून अन्न जाई, बाकी काही नाही. उद्या सकाळी अकराला देवनहळ्ळीच्या शुश्रूषागृहाची गाडी येणार होती. तिथं व्यायाम नाही, तपासण्या नाहीत, ताप आला तर औषधाचा आग्रह नाही, फक्त आराम. तिथं गेलेला माणूस घरी परत येत नाही, हे कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. कागदावर सही सुलभाताईंची होती.

सही करताना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दात काढल्यावर बधिर गाल चावून बघावा, तसं त्यांनी नंतर दोन-तीनदा आपल्या मनाला चावून बघितलं. काही लागलं नाही. मग त्यांनी नवऱ्याचे सदरे घड्या घालून बॅगेत भरले आणि पिल्लं मोजायला बसल्या.

मोजण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. विमानांचे सुटे भाग तपासण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. कारखान्यात त्यांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. शंका आली की माल परत. थोडी शंका, बारीक शंका, असले लाड नाहीत. विमान वर गेल्यावर शंका काढता येत नाही, असं त्या पोरासोरांना दटावून सांगत. एकदा तर साहेबाच्या तोंडावर सांगितलं होतं, आणि साहेबानं निमूटपणे माल परत पाठवला होता.

दुपारी तीनच्या सुमाराला वल्लरी आपला लॅपटॉप घेऊन खाली आली आणि दारातच घुटमळली.

"काकू, पाच मिनिटं बसू?"

"बस की. चुकलं वाटतं काहीतरी."

"चुकलं असं नाही." पोरगी संस्कारी, त्यामुळं तिला मुद्द्यावर यायला वेळ लागे. "आपले आकडे जुळत नाहीयेत. लादीच्या खाचांमधली जवळजवळ सगळी पिल्लं तुम्ही मेलेली धरलीत."

"पांढरीफटक होती गं. रंग नाही, रूप नाही."

"यंदा पाणी फार तापलं होतं ना, त्यानं त्यांचा रंग जातो. पण पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

"मग मेलेलं ओळखायचं कसं?"

"त्याच जागेचा पुढच्या महिन्याचा फोटो बघायचा." वल्लरीनं दोन फोटो शेजारी शेजारी लावले. "ही लादीची वरची बाजू. इथं गाळ बसतो, शेवाळ माजतं. शेवाळ खायला मासे येतात, आणि त्याबरोबर पिल्लंही खरवडून नेतात. मासे नाही आले तर शेवाळ पिल्लांचा गळा घोटतं. दोन्हीकडून मरण. आणि मेलं की पंधरा दिवसांत त्याच्यावरही शेवाळ चढतं, हे बघा."

सुलभाताईंनी बघितलं. पहिल्या फोटोतला ठिपका दुसऱ्या फोटोत हिरवट, केसाळ झाला होता.

"आता खाच बघा. इथं माशाचं तोंड पोचत नाही."

खाचेतला ठिपका दोन्ही फोटोंत सारखाच पांढरा होता. नखाएवढाही डाग नव्हता.

"महिन्यानंतरही स्वच्छ," वल्लरी म्हणाली. "मेलेल्याला स्वतःला स्वच्छ ठेवता येत नाही, काकू."

"मला शंका होती," सुलभाताई सावकाश म्हणाल्या. "म्हणून तर शून्य दाबलं."

"शंकेसाठी दोनचं बटण आहे ना. 'पुन्हा बघा'वालं."

पहिल्याच दिवशी तिनं ते दाखवलं होतं. सुलभाताईंनी ते एकदाही दाबलं नव्हतं. एकतीस वर्षांत त्यांना असं बटण कुणी दिलं नव्हतं, आणि त्यांनी मागितलंही नव्हतं.

"बरं झालं दोघींनी मोजलं," वल्लरी उठत म्हणाली. "नाहीतर खाचांचा उपयोग नाही असं लिहून बसलो असतो आणि पुढच्या वर्षी सपाट लाद्या टाकल्या असत्या."

"सरी, बरं. मी सगळं परत बघते," सुलभाताई म्हणाल्या.

वल्लरी गेली तरी त्यांनी पडद्याला हात लावला नाही. थोड्या वेळानं त्या उठल्या आणि समोरच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. रोज संध्याकाळी त्या इथंच उभ्या राहत. दाराच्या मागं रोजचा तक्ता अडकवलेला होता. ताप, लघवी, नळीतून किती गेलं, आणि शेवटच्या रकान्यात प्रतिसाद. भव्या कोलारची, दिवसपाळीची नर्स. तिचं अक्षर डॉक्टरांना लागत नसे, म्हणून तक्ता सुलभाताई भरत. "आज काही?" असं दारातून विचारत आणि 'नाही' लिहीत. डॉक्टर महिन्यातून एकदा येत, दहा मिनिटं थांबत आणि तक्ता चाळत. दोनशेच्या वर 'नाही' झाले होते. देवनहळ्ळीचं ठरलं ते त्यावरून.

भव्या टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"भव्या, हे काही म्हणजे काहीच हलत नाहीत का गं?"

"स्वल्प हलतात, अक्का."

सुलभाताईंनी चौकट धरली.

"काय हलतं?"

"अंगठा. पाठ पुसते ना, पाणी जास्त गरम झालं की. रोज नाही. आणि तुम्ही फोनवर मोठ्यानं बोलता ना, तेव्हा डोळे दाराकडं येतात."

"आणि हे मला सांगितलं नाहीस?"

भव्याच्या हातातला टॉवेल अर्ध्या घडीत थांबला. ती घाबरली नव्हती. तिला नवल वाटत होतं.

"सांगितलं, अक्का. पहिल्या महिन्यात. तुम्ही विचारलं, नक्की काय? मी म्हटलं, नक्की नाही, मला वाटलं. तुम्ही म्हणाला, नक्की नसेल तर लिहायचं नाही. मग मी नाही बोलले."

असं आपण म्हणालो होतो हे सुलभाताईंना आठवलं नाही. पण वाक्य आपलंच आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांना भीती वाटली, साधी भीती, आणि तिच्या पाठोपाठ स्वतःचा असा राग आला की क्षणभर त्यांना समोरचं दिसेना.

त्यांनी तिथूनच अर्णवला फोन लावला. मुलगा सिंगापूरला, शुक्रवारी परस्पर देवनहळ्ळीला येणार होता.

"उद्याची गाडी नको," त्या म्हणाल्या.

"आई, आपलं बोलून झालंय ना यावर? किती वेळा तेच तेच? डॉक्टरांनी सगळा चार्ट बघूनच सांगितलंय."

"चार्ट मी लिहिलाय."

"हो, मग?"

"चुकीचा लिहिलाय."

अर्णवनं एकदम दोन-तीन प्रश्न विचारले. बाबा बरे होतील का, हे त्यांनाही माहीत नव्हतं. "नंतर सांगते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"कुठला अंगठा?" त्यांनी भव्याला विचारलं.

"डावा, अक्का."

त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, पलंगाच्या डाव्या बाजूला घेतली आणि बसल्या. उपेंद्ररावांचा हात चादरीवर पडला होता. नखं वाढलेली होती, हे त्यांना आता दिसलं. बराच वेळ अंगठा हलला नाही. बाहेर ऊन उतरलं, भव्यानं घरी जायची पिशवी उचलली, आणि तक्ता भरायची वेळ झाली अशी आठवण केली. सुलभाताई उठल्या नाहीत.