सप्टेंबरचा शेवटचा शनिवार

नोलीन ट्रेंबाथने मेलबर्नमध्ये घरविक्रीच्या धंद्यात अकरा शाखांचं साम्राज्य उभं केलं आणि त्याचा पाया दूरदृष्टीचा होता, असं तिच्या निरोपसमारंभात चार वक्त्यांनी गंभीरपणे सांगितलं. ती पहिल्यांदा नोकरीला लागली त्या कचेरीत मी टायपिस्ट होते. पाया कॅलेंडर न बघण्याचा होता.

चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या हॉबडेसाहेबांकडे लिलाव फक्त पुरुष पुकारत. नोलीन परवाना घेऊन आली होती आणि तीन वर्षं, घरं बघायला येणाऱ्यांसाठी चहा करत होती. चहा चांगला करायची, हे तिचं दुर्दैव. त्या कचेरीचा वास अजून नाकात आहे: कार्बन पेपर, साहेबांचा पाइप आणि चहाबरोबर द्यायला तिने भाजलेले गरम स्कोन.

म्हाताऱ्या मिसेस पॅस्कोंच्या घराच्या लिलावाची तारीख ठरवायचं काम साहेबांनी तिच्यावर टाकलं. तिने सप्टेंबरचा शेवटचा शनिवार, दुपारी तीन, अशी जाहिरात छापूनही आणली. नोलीन दूरच्या क्वीन्सलँड राज्यातली. तिकडे फुटबॉल म्हणजे निराळाच खेळ.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, त्या दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना असतो. त्या दिवशी या गावात कुणी मरतसुद्धा नाही."

एकही पुरुष पुकारायला तयार होईना. शेवटी साहेब म्हणाले, "तूच पुकार. विकलंस तर हातोडा कायमचा तुझा. नाहीतर किटली आहेच."

शनिवारी तीन वाजता घरासमोरच्या हिरवळीवर मिसेस पॅस्को, मी आणि एक मॅगपाय पक्षी एवढेच हजर होतो. त्यातल्या त्यात उत्साही पक्षीच होता. शेजारी डेसच्या घरात टीव्हीसमोर वीसेक माणसं ओरडत होती, अंगणात त्याची बायको सॉसेज भाजत होती. मिसेस पॅस्को म्हणाल्या, आपण घरी जाऊ या, म्हणजे आत. नोलीन जागची हलली नाही. कुंपणावरून तिने विचारलं, हे मधे थांबतं का? मध्यंतरात सगळे बिअर घेऊन अंगणात येतात, असं डेसच्या बायकोने सांगितलं.

मध्यंतर झालं तसे आले. डेसचा संघ पिछाडीवर होता; मेहुणा केव्हचा संघ पुढे. केव्ह आठ वर्षं भाड्याच्या घरात राहत होता आणि त्याची बायको आठ वर्षं त्यावरून त्याला टोचत होती. नोलीनने पुकारा सुरू केला. केव्हने खुशीत कुंपणावरूनच आकडा टाकला.

नोलीनने शांतपणे डेसकडे पाहिलं. "डेस, हे घर त्याला गेलं तर आजचा स्कोअर तुम्हाला रोज सकाळी कुंपणावरून ऐकावा लागेल."

डेसने आकडा वाढवला. केव्हने वाढवला. बायकांनी दोघांच्या बाह्या ओढून पाहिल्या. टीव्हीवर सामना पुन्हा सुरू झाल्याचा भोंगा वाजण्यापूर्वी हातोडा पडला: डेसने स्वतःच्या शेजारचं घर, ज्याची त्याला मुळीच गरज नव्हती, त्या गल्लीने कधी न ऐकलेल्या किमतीला घेतलं होतं. गोंधळलेल्या मिसेस पॅस्कोंनी विचारलं, कोण जिंकलं?

"तुम्ही," नोलीन म्हणाली.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांसाठी स्वतः चहा केला. फार वाईट होता. आम्ही सगळ्यांनी तो संपवला.

दूरदृष्टीचं म्हणाल, तर तिची वीस मिनिटांची होती; मध्यंतर तेवढंच असतं.