सशाचे कान

मी एक जुने ईसीजी यंत्र आहे आणि भिंतीतल्या एका किड्याशी माझे उभे वैर आहे. मित्रांनो, म्हातारपणी माणसे वैर विसरतात म्हणे. मी माणूस नाही.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. पुढे बोलिव्हियातल्या एका शहरी दवाखान्याने मला मनसोक्त राबवले आणि जुना झालो म्हणून या मक्याच्या खोऱ्यात धाडले. इथली घरे मातीची. भिंतीच्या भेगांत विंचुका राहते, ढेकणाची मोठी बहीण. झोपलेल्याच्या गालावर बसून ती रक्त पिते आणि तिथेच घाण करते. माणूस खाजवतो, घाणीतला जंतू आत शिरतो आणि हृदयात बिऱ्हाड थाटतो. भाडे देत नाही, आवाज करत नाही. वर्षानुवर्षे खातो मात्र पोटभर.

म्हातारा मेल्चोर माझ्याकडे आला, तो दाराच्या फळीवर. नांगर धरलेला असतानाच कोसळला होता; त्याच जंतूने हृदय खाल्ले होते. माझ्या सुईने सरळ रेघ ओढली, बस्स. त्याची मुलगी हिलारिया कागदाकडे बघून म्हणाली, "एवढंच येतं होय रे तुला?"

तो टोमणा मला अजून झोंबतो. त्याच दिवशी मी शपथ घेतली : या बिऱ्हाडकरू चोराला एकदा जिवंत छातीत पकडायचेच.

पुढे घरोघर रक्त तपासले गेले. हिलारियाच्या नवऱ्याच्या, फाउस्तिनोच्या रक्तात जंतू निघाला. आता हृदय बघायचे होते. पण फाउस्तिनो लॉरी चालवायचा. कागद वाईट आला तर मालक किल्ली काढून घेईल, ही धास्ती. मग त्याने खोऱ्याची रीत वापरली. इथे पाण्याच्या पाळीला, रस्त्याच्या कामाला घरातला कोणीही गेला तरी चालते. त्याने धाकट्या भावाला, लिनोला पाठवले. डॉक्टर रुफिना नवीन, तिला चेहरे कुठले ठाऊक! लिनोचे हृदय ठणठणीत. मी खरेच लिहिले. वर नाव मात्र थोरल्याचे पडले.

हिलारिया तो कागद घेऊन रुफिनाकडे आली. "बाई, हे वाचायचं कसं?"

"ही टोकं म्हणजे ठोके. बघा, सारख्या अंतरावर आहेत."

हिलारियाने नखाने टेबलावर ताल धरला आणि थांबली. "हा माझा नवरा नाही. त्याच्या छातीवर कान ठेवून झोपते मी. तिथला ढोलवाला मध्येच चुकतो."

दाराशी उभा लिनो चुळबुळला. "वहिनी, घरातला एक माणूस गेला म्हणजे झालं ना? पाण्याला नाही का मीच जात?"

"मग दादाच्या तिरडीवरही तुम्हीच झोपणार का, भाऊजी?"

संध्याकाळी ती फाउस्तिनोला लॉरीतून उतरवून घेऊन आली.

"लॉरी गेली तर खायचं काय?" तो कुरकुरला.

"तुम्ही गेल्यावर लॉरी मला घास भरवणार आहे का? झोपा गपचूप!"

रबरी फुगे छातीला चिकटले. माझी सुई थरथरली, आणि मित्रांनो, तो आला! टोकाला चिकटून दुसरे टोक, सशाच्या कानांसारखे. मध्येच एक अवेळी ठोका. सापडलास, चोरा! मेल्चोरच्या छातीत मला चुकवलेस, जावयाच्या छातीत सापडलास.

रुफिना म्हणाली, "हृदयात ठोक्याचा निरोप नेणारी एक वाट अडलीये. शहरात पुढची तपासणी करू."

शहरात कळले, हृदय अजून फुगून मोठे झालेले नव्हते. औषधे सुरू झाली. लॉरी गेलीच, मालकाच्या गोदामात हिशेबनीस म्हणून बसताना फाउस्तिनोने तोंड फुगवले, पण बसला.

हिलारियाने घरच्या भिंती खरवडल्या. भेगेतून निघालेली एकेक विंचुका चिमट्याने धरून निखाऱ्यावर टाकली. "ही बाबांची. ही यांची." मग सगळ्या भेगा लिंपल्या. फाउस्तिनोने ते हसत हसत दवाखान्यात सांगितले. माझ्या सुईला इतके गोड काही कधी ऐकू आले नव्हते.

आता माझी जागा नव्या यंत्राने घेतली आहे. मी फडताळात, धुळीत. माझी वायर उंदराने कुरतडली, तरी तक्रार नाही. फाउस्तिनो दरवर्षी येतो आणि जाताना माझ्यावरची धूळ बाहीने पुसतो.

मित्रांनो, भिंतीच्या भेगा वेळेवर लिंपा. छाती दुखायची वाट पाहू नका, चोर दार वाजवून येत नाही. आणि पाण्याच्या पाळीला भावाला खुशाल पाठवा, पण यंत्रापुढे झोपायला स्वतःच या.