केंकरे सरांना वाचायला नेले त्याची गोष्ट

विद्यापीठाच्या ग्रंथालयात नवे मुख्य ग्रंथपाल आले आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले, लोक ग्रंथालयात येत नसतील तर ग्रंथालयाने लोकांत जावे. सगळ्यांनी माना डोलावल्या. जायचे कोणी, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी शालिनीकडे पाहिले. ती कारापूरची, डिचोली तालुक्यातल्या वाटा तिला ठाऊक, एवढे कारण पुरले.

तिला एक जुनी व्हॅन मिळाली आणि बाबली नावाचा चालक. बाबली दोडामार्गचा, पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा. व्हॅनचा हॉर्न बिघडलेला होता, म्हणून त्याने सायकलवर पाव विकणाऱ्या पोदेराकडचा रबरी भोंगा आणून दाराला बांधला. लाटंबार्सेला पहिल्या दिवशी त्याने तो वाजवला आणि घराघरांतून बायका पिशव्या घेऊन बाहेर आल्या. आत पाव नाहीत, पुस्तके आहेत, हे कळल्यावर एकीने शांतपणे विचारले, "मगे भोंगो कित्याक वाजयलास?"

त्या महिन्यात कार्डे पुष्कळांनी काढली, पण पुस्तक एकच गेले. कायद्याचे, जाडजूड. ते खाटेच्या मोडक्या पायाखाली बसते आहे, असे नंतर समजले.

मुख्य ग्रंथपाल खचले नाहीत. परदेशातल्या ग्रंथालयांत आता 'जिवंत पुस्तके' ठेवतात, असे त्यांनी वाचले होते. माणूसच पुस्तक. वाचकाने समोर बसायचे, माणसाने आपले आयुष्य किंवा आपला विषय सांगायचा. त्यांनी तीन पुस्तके निवडली: किनाऱ्यावरचा एक जीवरक्षक, इस्पितळातली एक परिचारिका आणि तत्त्वज्ञान विभागाचे प्राध्यापक केंकरे. केंकरे सरांचा विषय 'एकांत' होता. त्यावर त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला होता, आणि बायको गेल्यापासून प्रात्यक्षिकही चालू होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी शालिनीने लाटंबार्सेच्या देवळाच्या मंडपात तीन खुर्च्या मांडल्या. जीवरक्षकापुढे लगेच गर्दी झाली. परिचारिकेपुढे लोक रक्तदाब मोजून घ्यायला उभे राहिले. केंकरे सरांसमोर एक कुत्रा येऊन बसला, आणि थोडा वेळ बसून तोही गेला.

तेवढ्यात सत्यवती आली. पन्नाशी ओलांडलेली, काजूच्या बागायतीत राबणारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिने सरांना सगळ्या बाजूंनी पाहिले आणि शालिनीला विचारले, "ह्या पुस्तक घराक व्हरूक गावता?"

"नाही हो काकी. हे इथेच बसून वाचायचं. अर्धा तास."

"माजे गुडघे दुकतत. आनी कार्डावर लिवलेला आसा, पुस्तक पंधरा दिवस घराक व्हरूक गावता."

शालिनीने कार्ड पाहिले. तसेच लिहिलेले होते. माणसांसाठी वेगळा नियम करायचे कोणाला सुचलेच नव्हते.

"माझी हरकत नाही," केंकरे सर म्हणाले. मंडपात वारा नव्हता आणि तो कुत्रा परत येत होता.

सत्यवतीच्या घरी तिचा नवरा सगुण होता, पूर्वी खाणीवर कामाला असलेला. सगुण गरज पडली तरच बोलायचा, आणि ती पडू नये याची काळजी सत्यवती घ्यायची. तिने सरांना सोप्यावर बसवले, पुढे ताट ठेवले. सरांनी घसा साफ केला. "एकांत म्हणजे..."

"एकांत रवांदे. तुमी आदी जेवा," असे म्हणून ती समोर बसली आणि बोलू लागली.

ती इब्रामपूरला दिलेल्या आपल्या धाकट्या बहिणीबद्दल, शेवंतीबद्दल बोलली. शेवंतीने आईच्या पाटल्या कशा नेल्या, आणि वर त्या घालून हिच्याच पुतण्याच्या लग्नात कशी मिरवली. एवढे सांगून ती नेहमीप्रमाणे थांबली, कारण इथवर आले की घरातले सगळे उठून जायचे.

केंकरे सर म्हणाले, "मग?"

त्या घरात हा शब्द पूर्वी कोणी उच्चारला नव्हता. मग सत्यवतीने जी सुरुवात केली ती दुपारचा चहा झाला तरी संपली नाही. सरांनाही काही वेगळेच वाटत होते. इतकी वर्षे ते बोलत आले होते आणि वर्गातली मुले ऐकत असल्यासारखे करत आली होती. आपणहून कोणी काही सांगितल्याचे त्यांना आठवेना. आणि आंब्याचे सासंव, वाटलेल्या मोहरीतली ती आंबटगोड भाजी, तर त्यांनी कित्येक वर्षांत खाल्ले नव्हते.

संध्याकाळी बाबलीने भोंगा वाजवला, परत वाजवला. शेवटी सरांचा शालिनीला फोन आला. "तुम्ही निघा. मी उद्या बसने येतो. पाटल्यांचं अजून संपलेलं नाही."

ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या यशोदेने शालिनीला फोन करून विचारले, ते पुस्तक सत्यवतीकडून सुटले की आपल्याला मिळेल का. तिच्या पाठोपाठ गंगेने नंबर लावला, मग देवळाच्या भटजींनी. गावात बातमी पसरली होती की एक पुस्तक आले आहे, ते स्वतः काही बोलत नाही, उलट आपले ऐकून घेते, आणि मध्येच उठून जात नाही.

शालिनीने मुख्य ग्रंथपालांना घाबरत घाबरत सांगितले. ते खुर्चीतून उठले. "म्हणजे प्रतीक्षा यादी लागली? विद्यापीठाच्या इतिहासात परीक्षेच्या गाइडाशिवाय कशालाच प्रतीक्षा यादी लागलेली नाही. राहू दे त्यांना तिथं."

मग केंकरे सर घरोघर फिरले. गंगेने सुनेविषयी सांगितले आणि सुनेने गंगेविषयी, दोघींनी एकाच दिवशी, एक स्वयंपाकघरात आणि एक विहिरीपाशी. भटजींनी एका श्लोकातली एक ओळ आपल्याला कधीच पाठ नव्हती, तिथे आपण खोकतो, हे सांगितले. सर "मग?" म्हणायचे आणि ताटातले संपवायचे. त्यांचा सदरा पोटावर घट्ट होऊ लागला.

जून आला. विभागातून निरोप आला की सरांनी तपासायच्या उत्तरपत्रिका तशाच पडून आहेत. शालिनी व्हॅन घेऊन त्यांना आणायला निघाली, आणि निघण्यापूर्वी सहज फोनवर सत्यवतीला सांगून बसली की पुढच्या महिन्यात ही पुस्तके इब्रामपूरला जाणार आहेत.

लाटंबार्सेत त्या फोनने हलकल्लोळ झाला. आतापर्यंत कोणाच्या लक्षातच आले नव्हते की पुस्तक परत जाते, आणि परत गेलेले पुस्तक दुसरा कोणीही वाचू शकतो. त्यातून इब्रामपूर. तिथे शेवंती होती.

व्हॅन पोचली तेव्हा सत्यवतीच्या अंगणात गाव जमलेले होते.

"सर कुठे आहेत?" शालिनीने विचारले.

"पुस्तक हारावला," सत्यवती म्हणाली.

"हरवलं म्हणजे? माणूस आहे तो, काकी."

"माणूस काय हारावत नाय?" यशोदा म्हणाली. सगळ्यांनी होकार भरला.

"पन आमी नियम पाळतंव," सत्यवती पुढे म्हणाली. "पुस्तक हारावला तर दुसरा देवचा, असा कार्डावर आसा. आमी दितंव."

तिने बाजूला होऊन दाखवले. मागे सगुण उभा होता. धुतलेला सदरा, केसांना तेल, हातात पिशवी. तो गेला आणि व्हॅनमध्ये चढून खिडकीपाशी बसला.

शालिनी ओटीवर टेकली. असल्या प्रसंगात काय करावे, हे तिला ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात कोणी शिकवले नव्हते. "निदान सांगा तरी, हरवले कसे?"

सत्यवतीला एवढेच पुरे होते. सर पहाटे नदीवर आंघोळीला गेले. तिथे त्यांना एक साधू भेटला. साधूने विचारले, एकांत खंय आसा? सर म्हणाले, मी तोच शोधतोय. साधू म्हणाला, चल माज्यावांगडा. दोघे डोंगर चढू लागले. वाटेत एक गवा आडवा आला. गव्याने साधूकडे बघितले, साधूने गव्याकडे. इथे सत्यवती श्वास घ्यायला थांबली.

माळ्यावरून आवाज आला, "मग?"

शालिनीने वर पाहिले. माळ्याच्या फळ्यांतून काजूच्या पोत्यांमधले केंकरे सर दिसत होते, मांडी घातलेले, डोळे मिटलेले. सवयीने निघून गेला होता शब्द.

त्यांना शिडीवरून खाली उतरवायला बराच वेळ लागला. खाली आल्यावर त्यांनी सगळ्यांची माफी मागितली. "गवा काय करतो ते कळेना, म्हणून," ते म्हणाले.

मग बोलणी झाली. सत्यवतीचे म्हणणे, सरांना कुठेही न्या, पण इब्रामपूरला नको. सर म्हणाले, "मी कोणाला काही सांगणार नाही." यशोदा म्हणाली, पुस्तकाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार, पुस्तकाचे कामच सांगणे. शेवटी ठरले की सर दर महिन्याला एक रविवार लाटंबार्सेला येतील, आणि ते इब्रामपुरात काय बोलतात यावर बाबली नजर ठेवील.

सगुणला खाली उतरायला सांगितले तर तो म्हणाला, "माका जावचा आसा." त्या दिवसातले हे त्याचे पहिले वाक्य होते. तो गेला. आठवडाभर त्याने विद्यापीठाच्या ग्रंथालयात, थंडगार हवेत बसून सगळी वर्तमानपत्रे जाहिरातींसकट वाचली. एमएच्या दोन मुलींनी त्याला खाणीबद्दल विचारले, तेव्हा तो जेवणाची सुट्टी होईपर्यंत बोलला. मुख्य ग्रंथपालांनी लगेच त्याचा फोटो काढला आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर घातला.

जुलैमध्ये व्हॅन इब्रामपूरला गेली. शेवंती पहिल्या रांगेत होती. हातात पाटल्या, बरोबर डब्यात हळदीच्या पानात उकडलेल्या गोड पातोळ्या. तिने केंकरे सरांना घरी नेले, सोप्यावर बसवले आणि गोड आवाजात विचारले, "आमची सत्या माज्याबद्दल काय म्हणता ता सांगा."

सरांनी पातोळी तोंडात टाकली आणि मान हलवली. शेवंती वाट पाहत राहिली. ते काही बोलेनात. दारात उभा असलेला बाबलीही काही बोलेना. घरात फारच शांत झाले, तसे शेवंतीला ते सोसवेना.

"पाटल्यांचा म्हनाल," ती म्हणाली, "तर त्या आयेन माका आपल्या हातांनी दिल्ल्यो. सत्याक ठावक आसा. पन तिना तुमका सांगूक नसतला."

सर थोडे पुढे सरकून बसले. बाबलीने चपला काढल्या आणि तोही आत येऊन बसला.