वाघ चावलेलं चाक

माझ्या जीपच्या पुढच्या डाव्या चाकाला वाघ चावला, हे तुम्ही मानणार नाही. नका मानू. आमच्या गावात तर मी 'ऊन पडलं' म्हटलं तरी लोक आधी वर बघतात. पण तीस वर्षं ड्रायव्हरकी केलेला माणूस चाकाबद्दल खोटं बोलत नाही. बाकी गोष्टींबद्दल बोलतो, तो भाग वेगळा.

झालं असं, गेल्या पूस महिन्यात माझी बायको मैना माहेरी गेली होती. जाताना बजावून गेली, की ट्रॅक्टरची पाळी आली की मगच धान चुरा. म्हणजे पेंढ्या खळ्यावर अंथरायच्या आणि वरून ट्रॅक्टर गोल गोल फिरवून दाणे सोडवायचे; उरलेला पेंढा म्हणजे तणस. ट्रॅक्टर पानठेलेवाल्या मुखरूच्या खळ्यावर अडकलेला. तरी ती परतली तेव्हा आमचं धान चुरून, पोत्यात भरून तयार. माझा झपाटा पाहून तिने पोत्यात हात घालून पाहिला. त्या धानाच्या तांदळात कणी फार निघाली खरी, पण तो दोष गिरणीवाल्याचा. मी त्याला तोंडावर सुनावलं.

वाघाचं मधेच राहिलं. त्याच दिवसांत घोटच्या जंगलातून एकटा येत होतो. वाघ झुडपातून निघाला, डावं चाक तोंडात धरलं, जरा चावून पाहिलं, चव आवडली नसावी, थुंकून निघून गेला. मी उतरून त्याला दोन शब्द बोलणार होतो, पण घाईत होतो.

होळीनंतर जीप थरथरायला लागली. रोज नाही, हीच तर पंचाईत. पन्नासच्या वर गेली आणि रस्त्यात उंचवटा आला, की पुढची चाकं अशी लटपटायची की तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा आपोआप चघळला जायचा. वेग कमी करून वीसवर आणली की चाकं शांत, जणू आताच देवळातून आली.

मुलचेऱ्याला प्रफुल्ल मिस्त्रीकडे नेली. त्याचे आजोबा बंगालमधून येऊन इथे वसले, हा मात्र आमच्याहून ठसक्यात झाडीबोली बोलतो. त्याने जीप पुलापर्यंत पळवून आणली. काही नाही. पुन्हा नेली. काही नाही.

"काकाजी, गाडी कुठी आपटली का?"

"आपटली नाई. वाघ चावला."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. मिस्त्री भला माणूस, गिऱ्हाईक म्हणेल त्या दिशेने शोधतो. चाक मार खाल्लेलं असेल म्हणून रिम तपासली, चाकांची अदलाबदल केली, बेअरिंग आवळली. जॅकवर उचलून चाक वर-खाली, आजूबाजूला हलवून पाहिलं. घट्ट. एवढंच म्हणाला, की टायर बाहेरून असा घासलाय जशी गाडी एकाच बाजूला वळत राह्यली. मी म्हटलं, आमच्याकडचे रस्तेच वाकडे. हे सगळं तीनदा झालं.

मग तपास मी स्वतःच्या हाती घेतला. कोण बसलं की गाडी थरथरते ते आठवून पाहिलं. मी एकटा असलो तर नाही. मिस्त्री सोबत असला तर नाही. मैना बसली की हमखास. निष्कर्ष मी मुखरूच्या पानठेल्यावर जाहीर केला. मुखरूने घरी सांगितला, त्याच्या बायकोने बोअरिंगवर पाणी भरताना, आणि मी घरी पोचायच्या आत तो मैनेपर्यंत पोचला.

तिने काही आदळआपट केली नाही. ताट वाढलं आणि म्हणाली, "गुरवारी डोळ्याच्या ऑपरेशनले एसटीनं जाईन मी. भाऊ येते संग. तुमच्या जीपले काऊन तरास?"

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बायका दवाखान्यात नेल्या, बाळंतिणी नेल्या, एकदा एका साहेबाची मांजर नेली. आणि माझी बायको डोळ्यावर पट्टी बांधून गडचिरोलीहून एसटीत उभी येणार, जीप दारात लावलेली.

बुधवारी सकाळी प्रफुल्लला घरीच बोलावलं. मैना ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत, कणी वेगळी करत बसली होती. तिने त्याला चहा दिला. मला दिला नाही.

"काकी बसली का थरथरते म्हणता," प्रफुल्ल हळू आवाजात म्हणाला. "तवा मागं काही राह्यते?"

"काही नाई. तिच्या भावाकडची धानाची पोती."

"किती?"

"चार. कधी पाच."

त्याने कप खाली ठेवला. "काकाजी, मागं पाच पोते, पुढचे चाकं हलके, अन् तुमी दोष काकीले देऊन राह्यले?"

ओसरीवरचं सूप थांबलं. एवढ्या तपासात पोती मोजायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याने मागे पाच पोती ठेवायला लावली. जॅक लावलाच नाही. म्हणाला, चाक लोंबकळत असलं की सांध्यावर भार नसते, मग ढिलाई दिसत नाई. चाकं जमिनीवरच ठेवून मला स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला बसवलं आणि स्वतः खाली सरपटला. चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाला सांधा असतो, टाय रॉड एंड म्हणतात, त्याच्यावर हात ठेवून पडून राहिला.

"सापडला," खालून आवाज आला. "कटकट हातालेच लागून राह्यली."

सांध्याची रबरी टोपी फाटलेली, आतलं ग्रीस वाळून गेलेलं. आणि भोवती काहीतरी सुतळीसारखं गच्च गुंडाळलेलं. ते त्याने ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"तणस," तो म्हणाला. "यानंच टोपी कापली. एवढं तणस चाकात गेलं कसं, काकाजी?"

मैना सूप घेऊन उठून उभी राहिली होती.

"वाघ तणसात झोपला असन," मी म्हणालो. "त्याच्या मिशांले लागून आलं."

प्रफुल्ल पुन्हा जीपखाली सरकला. दुपारपर्यंत नवा सांधा बसवला. संध्याकाळी मैनेने भावाला फोन करून सांगितलं, येऊ नको.

गुरुवारी पहाटे ती माझ्या डाव्या हाताला येऊन बसली. मागे मी मुद्दाम पाच पोती ठेवली होती. घोटच्या अलीकडे पंचावन्नवर नेली, आणि ज्या उंचवट्यावर दर वेळी नाच व्हायचा त्यावर घातली. स्टिअरिंग हातात निजलेल्या लेकरासारखं. मी छाती काढून तिच्याकडे पाहिलं. ती समोर रस्त्याकडे बघत होती, एका डोळ्याने जेवढा दिसतो तेवढ्याकडे.

"हे पाह्य," मी झुडपाकडे बोट केलं. "इथीच तो वाघ..."

"का जी," मैना म्हणाली, "वाघबिघ काही नव्हता. मी माहेरी होती तवा तुमी खळ्यावर गोल गोल जीप फिरवून धान चुरलं, दाने फोडले, अन् त्या गिरणीवाल्याले शिव्या देऊन तवापासून मले कनी निवडाले लावली."