हललेले फोटो

"फोटो ठेवायच्या ह्या तीन ॲपांपैकी पहिल्यात जागा भरपूर आहे, पण ते फोटो थोडे दाबून ठेवतात," मुलगा म्हणाला. "दुसऱ्यात दाबत नाहीत, पण ताईला बघायचे असतील तर तिलाही तिथंच खातं उघडावं लागेल. तिसऱ्यात दाबणं नाही, नुसती लिंक पाठवली की ताईला दिसणार, पण फुकटातली जागा कमी."

"दाबून म्हणजे?"

"म्हणजे बारीक करतात. साध्या डोळ्याला कळतसुद्धा नाही."

"कुणाच्या डोळ्याला?"

तो हसला. असलं वाक्य माझ्यासमोर बोलायचं नसतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. मी एकतीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात चेकर आहे. शिवून आलेला शर्ट शेवटी माझ्या टेबलावर येतो. सुटलेला टाका, तेलाचा डाग, एका बाजूला अर्धा दोरा जास्त ओढलेली कॉलर, सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि चुकीच्या जागी लाल बाणाचं स्टिकर लावायचं. लाइनीवरच्या बायका मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठ वळली की दुर्बीण. मला माहीत आहे. आवडतंही, खोटं कशाला बोलू.

हे जाऊन चार महिने झाले होते. ह्यांचा फोन कपाटात पडून होता. मागच्या रविवारी मुलानं चार्जिंगला लावायला काढला तर त्याची पाठ फुगलेली. दुरुस्तीवाला म्हणाला, बॅटरी गेली आहे, ह्या जातीची आता मिळत नाही, आत काय असेल ते आठवडाभरात काढून घ्या, पुढचं मी सांगू शकत नाही. म्हणून फोटो नेटवर कुठं ठेवायचे, त्याचा हा शोध. मुलगा दोन दिवस लॅपटॉपवर वाचत बसला होता आणि माझी लेक, दुसऱ्या शहरातून, फोनवरून त्याला सूचना करत होती. दोघांचं लहानपणापासून असंच. एकानं पूर्व म्हटलं की दुसऱ्यानं पश्चिम.

"तुम्ही दोघं बाजूला व्हा," मी म्हणाले. "मी तपासते."

ह्यांचा एक फोटो होता, बारीक चौकडीच्या शर्टातला. लेकीनं काढलेला. तोच फोटो मुलाकडून मी तिन्हीकडे चढवून घेतला आणि मग एकेक उघडून कॉलरपाशी मोठा करून पाहिला. पहिल्यात चौकडीच्या रेघा एकमेकींत मिसळल्या होत्या. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात दोरा न् दोरा वेगळा.

"हे तिसरं," मी म्हणाले.

"आई, जागा पुरायची नाही. बाबांच्या फोनमध्ये त्याच्या दुप्पट माल आहे. महिन्याला थोडे पैसे भरले की वाढवून देतात, मी भरतो ना."

"कशाला? आधी निवडू तर दे. निवडलेला माल नेहमी कमी भरतो."

"अगं, तो माल नाहीये."

"कळतं मला. चहा घेणार का?"

तो चहा प्यायला आणि जाताना पुन्हा पुन्हा सांगून गेला की काढून टाकलेले फोटो लगेच जात नाहीत, फोनमध्ये एका पेटीत महिनाभर राहतात, चुकून काही गेलं तर परत आणता येतं. मी हो हो म्हटलं.

मंगळवारी रजा टाकली. सकाळी खिडकीजवळ टेबल ओढलं, उजेड डाव्या हाताकडून येईल असं, चष्मा पुसला आणि बसले.

हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पट्टी न लावता दहा फुटांची सरळ रेघ मारायचे आणि वर मलाच विचारायचे, "काय चेकरबाई, बाण लावायचा का?" मग कंपवात झाला. आधी करंगळी, मग मनगट, मग चहाचा कप. शेवटी ब्रश ठेवून दिला. लेकीनं हा फोन घेऊन दिला, मुलानं जुन्या फोनमधले फोटो त्यात भरले आणि शेवटची दोन वर्षं हे घरी बसून फोटो काढत राहिले. मी कामावर, हे घरी. दिवसभर काय करायचे, मी कधी नीट विचारलं नाही. संध्याकाळी औषधं घेतली का, जेवलात का, एवढं विचारायची. तेही स्वयंपाक करता करता.

फोटो बघायला लागले आणि पहिल्या तासातच माझ्या लक्षात आलं, जुने ठीक आहेत, शेवटच्या दोन वर्षांतले जवळजवळ सगळे हललेले आहेत. भिंत हललेली, कप हललेला, शेजारच्यांची मांजर तर तीन शेपट्यांची. मला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग मी डोळे पुसून कामाला लागले. टेबलावर बसलं की माझं असंच होतं. माणूस बाजूला राहतो आणि नुसते डोळे काम करतात.

एक फोटो पुन्हा पुन्हा येत होता. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा खालचा रस्ता. कोपऱ्यापर्यंतचा. सगळे हललेले, सगळे सारखे, रस्त्यावर कुठेतरी एक गडदसा ठिपका. मला वाटलं, खिडकीत बसल्या बसल्या बोट लागून निघालेले असतील. थरथरत्या हाताला काय कळणार. पहिल्या पाच-दहांपाशी थांबले, मोठे करून पाहिले. काहीच नीट दिसेना. आमच्याकडे नियम आहे, शंका आली की बाद. मी बाद करत गेले. बाद मालाची मोजदाद ठेवायचीही सवय असल्यामुळे तो आकडा मला अजून पाठ आहे. खिडकीतले पाचशे अकरा.

दुपारी तीनला संपलं. मग मी ती पेटी उघडली, जिथं काढून टाकलेले महिनाभर पडून राहतात, आणि तीही रिकामी केली.

हे मी का केलं, ते सांगितलं पाहिजे. मुलाला अजून समजलेलं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एकदा शिफ्ट संपताना बाद शर्टांची पेटी तशीच टेबलाखाली ठेवून घरी गेले होते. रात्रपाळीच्या माणसानं चांगला माल समजून ती पॅक केली. तीनशे शर्ट परत आले आणि मला सगळ्या लाइनीसमोर उभं केलं. तेव्हापासून पेटी रिकामी केल्याशिवाय मी खुर्चीवरून उठले नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. फोननं विचारलं, हे परत मिळणार नाहीत, नक्की का? मी म्हटलं, नक्की. आणि खोटं सांगत नाही, बोट दाबताना मला बरं वाटलं. काम स्वच्छ झाल्यासारखं.

संध्याकाळी मुलानं उरलेले सगळे चढवले. जागेत अगदी चपखल बसले. तो म्हणाला, "मानलं तुला." लेकीला लिंक गेली. मी भाजी चिरत होते तेव्हा तिचा फोन आला.

"आई, खूप छान झालंय गं. बाबा पाटी रंगवतानाचे तर मी पहिल्यांदाच बघितले." नाक ओढल्याचा आवाज आला. "पण खिडकीतले कुठेत? ते वेगळ्या अल्बमात टाकलेत का?"

"कुठले खिडकीतले?"

"तुझे गं. तू कामाला निघालेली."

मी सुरी खाली ठेवली.

"बाबा रोज सकाळी मला फोन करायचे ना, सव्वाआठला. माझी डब्यांची घाई, आणि बाबा म्हणायचे, 'निघाली बघ तुझी आई. आज निळी पिशवी आहे.' मग म्हणायचे, 'फोटो काढलाय, पण हललाय.' मी म्हणायचे, पाठवा की बाबा, हलला तर हलला. तर म्हणायचे, 'नको. एखादा नीट आला की पाठवतो.' दोन वर्षं हेच. एकही पाठवला नाही मला. आई? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"मी म्हटलं होतं, आईला तरी दाखवा. तर म्हणाले, 'तिला कसा दाखवू? ती बाण लावेल.' हसायचे खूप हे बोलून."

 शोधते, असं मी तिला म्हणाले. फोन ठेवला आणि तिथंच ओट्याला टेकून खाली बसले. 

कारण ह्यांनी मला एकदा दाखवला होता. ते मला आता आठवलं, फोन नवीन होता त्या अगदी पहिल्या दिवसांत. मी चप्पल काढत होते, पिशवी खांद्यावरच होती, आणि हे फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ, कोण आहे ओळख." हात हलत होता, फोन हलत होता, त्यातला फोटो हललेला. मी म्हणाले, "काय दिसतंय ह्यात? हललाय सगळा. काढून टाका." आणि आत गेले. दिवसभर शेकडो शर्ट बघून आलेली बाई होते, हे माझ्या बाजूनं सांगता येईल. सांगून काय करू?

मुलगा तो फोन घेऊन रात्री नऊपर्यंत दुरुस्तीवाल्याकडे बसून होता. परत आला तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. तो म्हणाला, "पेटीत राहिले असते तर मिळाले असते, आई. तू पेटी कशाला..." आणि मग माझ्याकडे बघून थांबला. शेजारी बसला.   मग म्हणाला, "अगं, तसंही त्यांत काही दिसत नव्हतं ना?"

"मी होते," मी म्हणाले.

ह्यांनी मला इतकं बघितलं, आणि त्यातलं मला काहीच बघता आलं नाही. लग्न होऊन चौतीस वर्षं. हा माणूस माझ्यावर प्रेम करतो का, असला प्रश्न मी कधी विचारला नव्हता, वेळच नव्हता. पुरावा पाचशे अकरा वेळा माझ्या टेबलावर आला आणि मी एकेक करून बाद केला. कारखान्यात माझ्या हातून चांगला शर्ट चुकून बाद झाला तर दुसरी बाई पुन्हा एकदा तपासते. घरी दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामाला निघाले. न जाऊन घरात बसून काय करायचं होतं? डबा भरला, गॅस बंद आहे का ते पाहिलं, कुलूप लावलं, जिना उतरले. आठ वाजून पंधरा मिनिटं झाली होती. आमच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत चालत साडेतीन मिनिटं लागतात, तिथं कारखान्याची बस येते. एवढी वर्षं मी तो रस्ता एका दमात चालत आले. मागे वळायची कधी गरज पडली नाही, मागे काय, घरच तर होतं.

कोपऱ्याच्या अलीकडे, जिथून पुढे खिडकीतून दिसत नाही तिथं, मी थांबले आणि वळले. तिसरा मजला, डावीकडून दुसरी. खिडकी बंद होती. निघताना मीच कडी लावली होती.

मी पिशवी नीट केली. कपाळावरचे केस मागे सारले. तोंड वर करून सरळ उभी राहिले आणि हलले नाही. पाठीमागे बस येऊन थांबली, दार उघडल्याचा आवाज झाला. लाइनीवरच्या कुणीतरी आतून हाक मारली, "ताई, चला, उशीर होतोय."

"एक मिनिट," मी म्हणाले, आणि तशीच उभी राहिले.