सात गाठी

ताईच्या मोठ्या आतड्यातला कॅन्सर ऑपरेशन करून काढला आणि आतड्याचा तो तुकडा तपासायला आला, नेमका तिच्या धाकट्या बहिणीच्याच विभागात. धाकटी पॅथॉलॉजिस्ट होती. घरात तिला सगळे चिमणी म्हणत. रक्ताच्या नात्यातल्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, असा विभागाचा नियम होता. म्हणून ते काम सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, केलं. तितके दिवस चिमणी त्यांच्या टेबलाच्या वाटेलाही गेली नाही.

रिपोर्ट चांगला आला. आतड्याभोवतीच्या चरबीत बारीक बारीक गाठी असतात, लसिका ग्रंथी. कॅन्सर पसरायला निघाला की बहुतेक वेळा आधी तिथे मुक्काम ठोकतो. सरांना अशा सात गाठी सापडल्या होत्या आणि सातही स्वच्छ होत्या. कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये ही माहिती भरली, तर पुढे पसरण्याची शक्यता बरीच कमी, असं उत्तर आलं. केमोची गरज नाही, असं सर्जननी सांगून टाकलं.

"पास झाले गं!" ताई फोनवर ओरडली. ती तलावावर पोहायला शिकवायची, त्यामुळे तिचं साधं बोलणंही दुसऱ्या काठापर्यंत पोचायचं. "आता टाके सुकले की मी पाण्यात!"

घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चिमणीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. निदान डझनभर गाठी पाहिल्याशिवाय 'पसरला नाही' असं छातीठोकपणे म्हणू नका, हे ती शिकाऊ डॉक्टरांना घसा कोरडा होईपर्यंत सांगत असे. इथे तर सातच होत्या. पण बोलायचं कुणाला? सरांना बोलणं म्हणजे त्यांच्या कामात खोट काढणं, आणि ताईचा आनंद मोडणं तर तिच्या अगदी जिवावर आलं होतं. तिने दोन दिवस कळ काढली आणि तिसऱ्या दिवशी सरांच्या दारात उभी राहिली.

"सर, सातच?"

"तुझी बहीण पोहणारी. अंगात चरबी नाही, तर गाठी कुठून आणू?" सर हसले, पण त्यांची नजर कागदावरच राहिली.

"पुन्हा एकदा शोधाल? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी गप्प होते."

"वाटलं थोडं," सर म्हणाले. मग त्यांनी हातमोजे चढवले. "बरणी काढ."

आतड्याचा तुकडा अजून, कुजू नये म्हणून, फॉर्मालिनमध्ये होता. चिमणी शेजारी स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवून. सर पिवळट चरबी चिमटीत धरून हळूहळू चुरत होते, डोळे जवळजवळ मिटलेले. दिसण्यापेक्षा बोटांनाच जास्त कळतं त्या कामात. बऱ्याच वेळाने एक गाठ लागली, मसुरीच्या दाण्याहून लहान. मग दुसरी. दुपार कलेपर्यंत ताटलीत आणखी आठ गाठी जमल्या.

त्यांच्या काचपट्ट्या तयार झाल्या, तेव्हा सरांनीच तिला मायक्रोस्कोपपाशी हाक मारली. "ये, बघ."

सात स्वच्छ होत्या. आठवीच्या कडेला मात्र एकमेकींना चिकटून बसलेल्या गडद पेशींचा एक पुंजका होता. कॅन्सरचे असे पुंजके तिने हजारदा पाहिले होते. तरी या वेळी तिने फोकस तीनदा फिरवून पाहिला.

"मॉडेलला आपणच अर्धवट माहिती दिली होती," सर म्हणाले. त्यांनी नवे आकडे भरले. आधीची 'कमी' शक्यता आता कमी राहिली नव्हती. "सर्जनना मी सांगतो. ताईला?"

"मी सांगते."

ताई इस्त्री करत होती. चिमणीने सगळं सांगितलं, काहीही न लपवता. ताईने इस्त्री उभी ठेवली.

"मी सांगितलं होतं तुला पुन्हा शोधायला?"

"नाही."

"मी सुखात होते गं. तुला बघवलं नाही का?"

चिमणी उठून जायला लागली, तेव्हा ताई मागून म्हणाली, "बस खाली. केमोने केस जातात का, एवढं सांग."

"या औषधाने फारसे नाही. पण गार पाणी सोसवत नाही. बोटांना सुया टोचल्यासारखं होतं."

"बरोब्बर माझ्याच पोटावर पाय!" ताई म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली.

तिने केमो पूर्ण घेतली. त्या महिन्यांत ती लोकरीचे मोजे घालून तलावाच्या काठावर खुर्ची टाकून बसायची आणि तिथूनच मुलांवर डाफरायची. चिडचिड करायची, उलट्या करायची, एकदा तर तिने चिमणीशी आठवडाभर अबोलाही धरला. सरांनी विभागात सांगून ठेवलं, गाठी डझनाहून कमी निघाल्या तर आपण होऊन पुन्हा शोधायच्या.

आता त्याला चार वर्षं झाली. स्कॅन स्वच्छ येतात. मागच्या स्कॅननंतर घरी परतताना ताईने विचारलं, "ती गाठ सापडली नसती तर?"

"माहीत नाही, ताई. कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित कॅन्सर यकृतात गेला असता."

"म्हणजे मी उगाच सोसलं असंही असेल?"

"असेलही."

ताईने चिमणीच्या खांद्यावरची जड पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि दोघी रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या.