अकरा कळा

सूनबाईनं जिवाणूंच्या जनुकांत एक कळ बसवली होती. पाण्यात शिसं असलं की ती दाबली जायची आणि जिवाणू जांभळे व्हायचे. नसलं की त्यांनी गुमान पांढरं राहायचं. पण डिस्टिल्ड वॉटरमधली नळीसुद्धा रोज जांभळी. चार वर्षांत अशा अकरा कळा तिनं रचल्या होत्या, आणि सोसल्याही होत्या. शुक्रवार संध्याकाळपर्यंत शुद्ध पाण्याची नळी पांढरी दिसली नाही, तर विषय बदला, असं सरांनी सुनावलं होतं. म्हणजे पीएचडीचा पुन्हा श्रीगणेशा.

गुरुवारी संध्याकाळी ती फोनवर नवऱ्याला म्हणाली, "गळती काही केल्या थांबत नाही रे." स्पीकरवरचं ते बोलणं शेजारी बसलेल्या सासऱ्यांनीही ऐकलं.

कारण नसताना कळ दाबली गेली की प्रयोगशाळेत त्याला गळती म्हणतात. सासऱ्यांना ते कुठून माहीत असणार? उभा जन्म प्लंबिंगमध्ये घालवलेला माणूस. शुक्रवारी सकाळी ते पान्यांची पिशवी घेऊन प्रयोगशाळेच्या दारात हजर.

"बाबा, गळती पाण्याची नाही, जिवाणूंची आहे."

"असू दे. जिवाणू पाण्यातच राहतात ना?"

ते डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्रामागे शिरले, पाइपच्या जोडावर नख ओढलं आणि गप्प झाले. ते गप्प झाले की घरात डॉक्टरांना फोन जातो.

"या जोडाला शिसं लावलंय," ते शेवटी म्हणाले.

"कुणी?"

"मीच. सहा वर्षांपूर्वी इथली दुरुस्ती माझ्याकडे होती. घाईत जे हाताशी होतं ते लावलं."

चार वर्षं तिला घरच्याच माणसानं छळलं होतं. तिला भयंकर राग आला, पण रागवायला वेळ नव्हता. तिनं दुसऱ्या इमारतीतून शुद्ध पाणी आणलं आणि नव्या नळ्या लावल्या.

पाच वाजता सर आले. शुद्ध पाण्याच्या अकराच्या अकरा नळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या, आणि शिसं घातलेल्या तेवढ्या जांभळ्या.

"सर, इथला जोड जरा जुना होता," तिनं सांभाळून घ्यायला सुरुवात केली.

"जुना नाही, चुकीचा होता," कोपऱ्यातल्या स्टुलावरून सासरे म्हणाले. "आणि माझा होता. पोरीचं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं."

हे वाक्य ऐकायला ती चार वर्षं थांबली होती. तिला रडूच आलं.

जिना उतरताना सासऱ्यांनी हळूच विचारलं, "तुझ्या सासूबाईंना गळती जिवाणूंचीच होती, असं सांगून भागेल ना?"